प्रिन्सची साठ मिनिटे

या श्रावणातल्या एका रविवारी, रात्री साडेअकराच्या सुमारास, मी 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा संगणकावरचा खेळ शेवटपर्यंत खेळून संपवला. घरातले सगळे झोपले होते, बाहेर बेळगावचा नेहमीचा संततधार पाऊस पत्र्यावर वाजत होता, आणि ही बातमी त्या क्षणी सांगण्यासारखे जवळ कोणीच नव्हते. हा खेळ मी पहिल्यांदा पाहिला तो १९९६ सालच्या मे महिन्यात. खेळातल्या घड्याळात एकूण साठ मिनिटे असतात. माझ्या बाबतीत त्या साठ मिनिटांना जवळजवळ तीस वर्षे लागली.

टिळकवाडीच्या पहिल्या रेल्वे गेटापलीकडे, काँग्रेस रोडच्या बाजूला, एका घराच्या माडीवर तेव्हा संगणकाचा एक क्लास चालत असे. मी आणि माझा मावसभाऊ शहापुरातून एकाच सायकलवर तिथे जात असू. तो निपाणीचा; शिक्षणासाठी आमच्याकडे राहायला आला होता, आणि वयाने तीन वर्षांनी मोठा असल्यामुळे मी त्याला दादा म्हणत असे. क्लासात चपला जिन्याखाली काढून वर जायचे, संगणकावरची निळी कापडी झूल घडी घालून बाजूला ठेवायची आणि मगच बटणाला हात लावायचा, असा शिरस्ता होता. आठवडाभर संगणक चालवणारी डॉस प्रणाली आणि वर्डस्टार, फॉक्सप्रो हे प्रोग्रॅम शिकवले जात. रविवारी मात्र दहा रुपये देऊन एक तास संगणक 'सरावासाठी' मिळे, आणि सराव कशाचा करायचा याची चौकशी सर फारशी करीत नसत. एका फ्लॉपीवर मावणारा हा खेळ तिथे कोणी आणला होता हे कोणालाच माहीत नव्हते. त्याचे पूर्ण नावही कोणी घेत नसे. सगळे त्याला नुसते 'प्रिन्स' म्हणत.

आमची पहिली अडचण खेळात नव्हती, हिशेबात होती. खेळ साठ मिनिटांचा आणि आमचा भाड्याचा तासही साठ मिनिटांचा, पण त्यातली पाच-सात मिनिटे झूल काढणे, संगणक सुरू होणे आणि आधी बसलेल्या मुलाला उठवणे यात जात. म्हणजे प्रिन्सकडे एक तास असला तरी आमच्याकडे तो कधीच पुरता नव्हता. शिवाय पाळ्या ठरलेल्या होत्या: दोनदा मेलास की दुसऱ्याने बसायचे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुलतान लढाईवर गेलेला आहे, त्याचा वजीर जाफर याने सत्ता बळकावली आहे, आणि राजकन्येला त्याने एक तासाची मुदत दिली आहे: माझ्याशी लग्न कर, नाही तर मर. तिच्यावर प्रेम करणारा तरुण तळघराच्या कोठडीत पडलेला आहे आणि त्याच्या हातात तलवारसुद्धा नाही; ती त्याला पहिल्याच पातळीत कुठेतरी शोधून काढावी लागते. तळघरापासून मनोऱ्यापर्यंत बारा पातळ्या चढून जायचे आणि तासाच्या आत जाफरला गाठायचे, एवढीच गोष्ट. मेलात तर तीच पातळी पुन्हा सुरुवातीपासून, पण घड्याळ मात्र मागे जात नाही. (यातल्या पर्शियाचा इराणशी संबंध हॉलिवूडच्या जुन्या अरबी चित्रपटांइतकाच आहे, हे आता कळते, तेव्हा आम्हांला ती विजापूरची गोष्ट असती तरी चालली असती.)

हा खेळ जॉर्डन मेकनर या तरुणाने जवळजवळ एकट्याने घडवला. ब्रॉडरबंड या कंपनीने तो ३ ऑक्टोबर १९८९ रोजी 'अ‍ॅपल टू' या संगणकासाठी बाजारात आणला, पण तो संगणक तेव्हा अखेरच्या घटका मोजत असल्यामुळे सुरुवातीला त्याची विक्री यथातथाच झाली. १९९० मध्ये डॉसवरची आवृत्ती आली आणि तिच्याच नकला फ्लॉपी टू फ्लॉपी होत होत आमच्यासारख्यांच्या माडीपर्यंत पोहोचल्या. मूळ खेळात पहिल्या पातळीनंतर अक्षरे लिहिलेल्या बाटल्यांची एक खोली येत असे, आणि सोबतच्या पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक शब्दाचे आद्याक्षर ज्या बाटलीवर असेल तीच प्यावी लागे. पुस्तिका ज्याने विकत घेतली नाही त्याला तिथेच अडवण्याची ती युक्ती होती. आमच्या नकलेत कोणतीही बाटली प्यालो तरी दार उघडे, आणि त्यामुळे ही खोली खेळात आहे तरी कशासाठी, हे कोडे आम्हांला कित्येक वर्षे पडलेले होते.

आता पुन्हा खेळताना पहिल्या दहा मिनिटांत जी गोष्ट हाताला जाणवली, ती म्हणजे या माणसाला वजन आहे. त्या काळातल्या इतर खेळांतली बाहुली बटण दाबताच उडी मारते आणि हवेत असताना दिशासुद्धा बदलते. प्रिन्स तसे करीत नाही. त्याला धावायला सांगितले की आधी तो अंग पुढे झुकवतो, मग पाऊल टाकतो. थांबायला सांगितले की दोन पावले घसरत जाऊन थांबतो. आणि उडी एकदा घेतली की ती घेतली, तिच्यात फेरफार नाही. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला आणि उड्या मारायला लावले, त्याचे व्हिडिओ चित्रण केले, ते पडद्यावर एकेक चौकट थांबवत साध्या कॅमेऱ्याने टिपले, छापलेल्या फोटोंवर काळ्या-पांढऱ्या रंगाने आकृती ठळक केली आणि त्यावरून संगणकातली चित्रे तयार केली. तलवारीचे हात त्याने १९३८ च्या रॉबिन हूडवरील चित्रपटातल्या एरॉल फ्लिनच्या द्वंद्वावरून घेतले. खऱ्या माणसाच्या पळण्यातून आलेले हे पळणे असल्यामुळे, खऱ्या माणसाला लागतो तेवढा वेळ त्यालाही लागतो, आणि खेळ अवघड होण्याचे अर्धे कारण इथेच आहे. तुमचे बोट आणि त्याचे पाऊल यांच्यामध्ये एक श्वास असतो, आणि त्या श्वासाचा अंदाज आधीच बांधावा लागतो.

दुसरे अर्धे कारण फरशी. प्रत्येक पडदा आडवा दहा फरश्यांचा आणि उभा तीन मजल्यांचा असतो, आणि सगळी उडी-धाव या फरश्यांच्या मापानेच चालते. एक मजला खाली पडलात तर काही होत नाही, दोन मजले पडलात तर एक जीव जातो, तीन मजले पडलात तर संपलात. शिफ्ट दाबून एकेक सावध पाऊल टाकले तर प्रिन्स कड्याच्या अगदी काठावर जाऊन थांबतो. न दाबता पाऊल टाकले तर खाली. हे नियम कुठेही बदलत नाहीत, कोणावरही मेहेरबानी करीत नाहीत, आणि म्हणून मी या खेळाला क्रूर म्हणणार नाही. मेल्यावर प्रत्येक वेळी आपलीच चूक कुठे झाली ते दिसते. काही फरश्या मात्र सैल असतात आणि पाय पडताच खाली कोसळतात. आमच्या शहापुरातल्या जुन्या घराच्या पडवीतही एक शहाबादी फरशी अशीच डुगडुगत असे, आणि पावसाळ्यात तिच्यावर पाय दिला की खालचे पाणी थेट पायजम्यावर उडे. त्यामुळे डुगडुगणारी फरशी ओळखण्यात आम्ही दोघे क्लासात सर्वांत तरबेज होतो, असा दादाचा दावा होता.

खेळातल्या वस्तूंना आमची आमची नावे होती. जमिनीतून वर येणारे सुळे म्हणजे 'काटे', पहारेकरी म्हणजे 'पोलीस', आणि वरून खालून एकमेकांवर आपटणारी ती दातेरी पाती म्हणजे 'आडकित्ता'. हे शेवटचे नाव दादाचे. त्याच्या निपाणीच्या घरी आजी जेवणानंतर आडकित्त्याने सुपारी कातरत बसत असे, आणि प्रिन्सचे दोन तुकडे झाले की तो मागून तोंडाने 'कर्रकच' असा आवाज काढी. काट्यांमधून शिफ्ट दाबून हळू चालत गेले तर काही होत नाही, हे समजायला आम्हांला तीन रविवार लागले. आडकित्त्याला मात्र सवलत नाही. पाती उघडण्याची लय मनात मोजायची आणि एका पावलात पलीकडे जायचे.

चार संगणकांपैकी रंगीत पडदा एकाच संगणकाला होता आणि तो आम्हांला क्वचितच मिळे. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर एक भलतीच अडचण होती. खेळात छोट्या बाटल्या दोन प्रकारच्या असतात, लाल बुडबुड्यांची जीव परत देते आणि निळ्या बुडबुड्यांची एक जीव घेते. आमच्या पडद्यावर दोन्ही बाटल्या करड्याच दिसत. त्यामुळे कोणती कुठे ठेवली आहे हे जागेवरून पाठ करावे लागे. फॉक्सप्रोच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी त्याचा तक्ता केला होता, आणि या वर्षी जेव्हा लॅपटॉपवर तीच बाटली लखलखीत लाल दिसली तेव्हा, खरे सांगायचे तर, थोडी फसवणूक झाल्यासारखे वाटले.

दारांचे तंत्र मात्र आम्हांला शिकवावे लागले नाही. जमिनीतली एक कळ दाबली की लांबवरचे जाळीदार दार वर जाते आणि थोड्याच वेळात हळूहळू खाली यायला लागते. ते बंद होण्याच्या आत धावत, उड्या मारत तिथे पोहोचायचे असते. पहिल्या गेटाचा आडवा दांडा खाली यायला लागला की सायकलचे पायडल कसे मारायचे आणि कुठल्या क्षणी नाद सोडून ब्रेक लावायचा, याचे शिक्षण आमचे क्लासाला येता-जाताच झालेले होते. गेट चुकले तर मिरजेची गाडी निघून जाईपर्यंत थांबावे लागे आणि तासातली तेवढी मिनिटे जात.

तिसऱ्या पातळीपासून खेळ साठवून ठेवता येतो. कंट्रोल आणि जी दाबले की कोणत्या पातळीवर आहात आणि किती मिनिटे उरली आहेत हे एका फाइलमध्ये जमा होते. गेलेली मिनिटे त्यामुळे परत येत नाहीत, पण रविवारचा तास संपला तर पुढच्या रविवारी तिथून सुरू करता येते. मात्र ही फाइल एकच असते. एका रविवारी आम्ही सातव्या पातळीवर, एकोणतीस मिनिटे हातात राखून उठलो, आणि पुढच्या रविवारी येऊन पाहतो तर दुसऱ्या बॅचच्या कोणा मुलाने तिसऱ्या पातळीवरचा स्वतःचा खेळ त्यावर साठवून ठेवलेला. त्या दिवशी दादाने एक अक्षर न बोलता ती फाइल वेगळ्या नावाने फ्लॉपीवर कॉपी कशी करायची हे सरांना विचारून घेतले. कॉपी, रिनेम, डायरेक्टरी, अ‍ॅट्रिब्यूट हे डॉसचे सगळे धडे आमच्या डोक्यात पक्के बसले ते त्या मुलामुळे. परीक्षेत त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते.

आता या खेळातल्या सर्वांत चांगल्या गोष्टीकडे येतो. चौथ्या पातळीच्या शेवटी, बाहेर पडण्याच्या वाटेवर अचानक एक आरसा उभा राहतो. वाट दुसरी नाही. धावत येऊन त्या आरशातूनच उडी मारावी लागते. उडी मारली की प्रिन्सचे सगळे जीव जाऊन एकच उरतो, आणि आरशाच्या पलीकडच्या बाजूने त्याचीच सावली बाहेर पडून उलट दिशेने पळून जाते. आम्ही तिला 'भूत' म्हणत असू. पाचव्या पातळीत हे भूत आपल्या डोळ्यांदेखत मोठी बाटली पिऊन निघून जाते; सहाव्यात आपण दरी ओलांडायला झेप घेतो आणि ते पलीकडे कळीवर पाय ठेवून दार लावून टाकते, आणि आपण खाली सातव्या पातळीत कोसळतो. पहारेकऱ्यांचा आम्हांला कधी राग आला नाही, कारण ते नोकरी करीत होते. भुताचा मात्र येई.

हे भूत कसे जन्माला आले ते मी खेळ संपवल्यानंतर वाचले. मेकनरच्या मूळ आराखड्यात लढाई नव्हतीच, आणि 'खेळात कोणीतरी शत्रू हवा' असे त्याची एक सहकारी, टोमी पियर्स, त्याला सारखे सांगत होती. पण अ‍ॅपल टू च्या स्मृतीत नव्या पात्राच्या चित्रांना जागाच शिल्लक नव्हती. तेव्हा त्याने प्रिन्सचीच चित्रे घेतली, ती एका बिटने सरकवून स्वतःवरच उलटी चढवली, आणि एक फुटकी, झिलमिलणारी आकृती तयार झाली. तिला वेगळी जागा लागत नव्हती. पुढे आणखी थोडी स्मृती मोकळी झाली आणि पहारेकरी आले, पण आधी आली ती सावली. गरिबाघरच्या बाईने एका लुगड्याचे दोन परकर करावेत तशी ही काटकसर, आणि खेळातली सगळी जान तिच्यातच उतरली आहे.

आम्ही अडलो ते याच भुताने. बाराव्या पातळीत, मनोऱ्याच्या सैल फरश्यांवरून जीव मुठीत धरून वर चढल्यावर ते समोर तलवार उपसून उभे राहते. आम्ही त्याच्याशी लढलो. त्याला एक वार बसला की आपलाही एक जीव जातो, आणि त्याला मारून टाकले तर आपणही मरतो, हे दोन-तीन प्रयत्नांत दिसून आले. तरीही आम्ही लढतच राहिलो, कारण समोर तलवार उपसलेला माणूस असताना दुसरे काय करायचे असते, हे आम्हांला माहीत नव्हते. मी म्हणे, वार चुकवायची वेळ चुकते आहे. दादा म्हणे, नकलेत दोष आहे. तीन रविवार आम्ही तिथेच मेलो. मग पावसाळ्यात शाळा-कॉलेजे सुरू झाली, दादाचे बारावीचे वर्ष होते, आणि पुढच्या साली तो अभियांत्रिकीला हुबळीला गेला. फ्लॉपी माझ्याकडे राहिली, आणि बेळगावच्या दमट हवेने दोन-तीन पावसाळ्यांत तिच्यावर पांढरी बुरशी चढवली. मेकनरचे नशीब माझ्याहून बरे. त्याचा मूळ अ‍ॅपल टू चा स्रोत, म्हणजे खेळाचा लिहिलेला प्रोग्रॅम, हरवला असे तो धरून चालला होता, पण २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना कपाटात त्या जुन्या फ्लॉपी सापडल्या आणि जाणकारांच्या मदतीने त्या वाचताही आल्या. याच वडिलांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी, खेळाचे संगीत दिलेले आहे.

या जूनमध्ये मी लॅपटॉपवर डॉसबॉक्स हा जुने डॉसचे खेळ चालवणारा प्रोग्रॅम घातला आणि स्वतःला दोन अटी घातल्या: साठवायचे नाही, आणि 'मेगाहिट' लिहायचे नाही. (खेळाच्या नावापुढे हा शब्द लिहून तो सुरू केला की हव्या त्या पातळीवर उडी मारता येते, आमच्या वेळी ही माहिती चिठ्ठीवर लिहून, घडी घालून, हातोहात दिली जाई.) सुरुवातीचे पंधरा दिवस लाजिरवाणे गेले. बोटे आता मंद झाली आहेत असे मी गृहीत धरले होते, पण अडचण ती नव्हती. मी घाई करीत होतो. पडद्याच्या तळाशी मिनिटे कमी होत असल्याचा संदेश दर पाच मिनिटांनी येतो, आणि तो आला की मन धावायला लागते. धावले की फरशी चुकते, फरशी चुकली की पातळी पुन्हा पहिल्यापासून, आणि मग खरोखरच मिनिटे जातात. एकेका पडद्यावर दोन सेकंद नुसते उभे राहून फरश्या मोजल्या तर एकूण वेळ कमी लागतो, हे मला जुलैच्या मध्यावर उमगले. नवव्या पातळीतली एक बाटली प्यायली की अख्खा पडदा उलटा होतो, तो मात्र शुद्ध खोडसाळपणा आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही.

त्या रविवारी बाराव्या पातळीवर मी पोहोचलो तेव्हा तेरा मिनिटे उरली होती. भूत समोर आले, तलवारी निघाल्या, मी एक वार केला आणि माझाच एक जीव गेला. त्याच क्षणी मला वाटले की इथून मागे फिरावे, खाली उतरून दुसरी एखादी वाट राहून गेली आहे का ते पाहावे. आणि पळून जाता यावे म्हणून मी खालच्या बाणाची कळ दाबून तलवार म्यान केली. समोरच्यानेही केली. मी खुर्चीत सरसावून बसलो. बराच वेळ, म्हणजे घड्याळातले अर्धे मिनिट तरी, आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत उभे होतो. मग मी चालत पुढे गेलो, तोही आला, एक लख्ख उजेड झाला आणि मी एकटाच उरलो. त्यानंतर पुढे नुसती पोकळी होती. करण्यासारखे दुसरे काही नसल्यामुळे मी तिच्यात धावलो, तर पायाखाली एकेक फरशी उमटत गेली. ही जागा दाखवणारी कसलीही खूण खेळात नाही, आणि इतका काटेकोर खेळ इथे अंदाजावर सोडतो हे मला खटकले. जाफरशी झालेल्या लढाईबद्दल लिहिण्यासारखे विशेष नाही. तो चौथ्या प्रयत्नात पडला.

सकाळी मी निपाणीला दादाला फोन लावला. तो दुकान उघडत होता, शटरचा आवाज ऐकू आला. मी त्याला आधी मनोऱ्याबद्दल सांगितले, मग तलवार म्यान केल्याचे सांगितले, आणि थोडा थांबलो.

"ते मला ठाऊक होतं की," तो म्हणाला. "हुबळीत हॉस्टेलवर एका पोरानं सांगितलेलं. सत्त्याण्णव साली."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू इचारलास कुठं?" गिऱ्हाईक आले असावे, त्याने कोणाला तरी कन्नडमध्ये बसायला सांगितले आणि पुन्हा फोन कानाला लावला. "किती मिनिटं उरलेली तुझी?"

"चार."

"माझी सहा," दादा म्हणाला.